चॅटची नोंद: ठेवायची कशी, द्यायची कशी

ऑगस्ट २०२३मध्ये ‘फिजिका स्क्रिप्टा’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात एका अवघड गणिती समीकरणाची नवी उत्तरे मांडणारा शोधनिबंध छापून आला. फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक यांची नजर त्यातल्या दोन शब्दांवर अडकली: ‘रीजनरेट रिस्पॉन्स’. मागच्यापुढच्या वाक्यांशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. चॅटजीपीटीच्या पडद्यावर त्या काळी उत्तराखाली याच नावाचे बटण असे. मजकूर उचलताना बटणाचे नावही उचलले गेले होते. समीक्षकांच्या, संपादकांच्या हातांखालून निबंध गेला, तरी ते दोन शब्द कोणाला खटकले नाहीत. पुढे लेखकांनी चॅटजीपीटी वापरल्याचे कबूल केले आणि प्रकाशकांनी निबंध मागे घेतला. चॅटबॉट वापरला म्हणून तो मागे घेतला नव्हता. निबंध पाठवताना तो वापर सांगितला नाही, यावर बोट ठेवले गेले.

म्हणजे सांगायला हवे, यावर फारसे दुमत उरलेले नाही. अडते ते पुढे. कुठे सांगायचे? लेखकांच्या यादीत, ऋणनिर्देशात, कार्यपद्धतीच्या प्रकरणात, तळटीपेत की संदर्भसूचीत? आणि चॅटची लिंक दिली की काम भागते का? आपल्याकडे एम.ए.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रबंध लिहिणारी मुले हे प्रश्न गाइडना विचारतात, आणि गाइडकडेही बऱ्याचदा ‘तूर्त काही लिहू नकोस’ याखेरीज उत्तर नसते. हा सल्ला सर्वांत वाईट आहे. का, ते पुढे येईलच.

आधी लेखकपदाचा निकाल लावू, कारण तो लवकर लागला. चॅटजीपीटी लोकांसाठी खुला झाला ३० नोव्हेंबर २०२२ला. दोन महिन्यांच्या आत काही लेखांवर त्याचे नाव सहलेखक म्हणून झळकू लागले. ‘नर्स एज्युकेशन इन प्रॅक्टिस’ या परिचर्याशिक्षणाच्या नियतकालिकात असा एक संपादकीय लेख आला आणि नंतर दुरुस्तीपत्र काढून ते नाव वगळावे लागले. २४ जानेवारी २०२३ला ‘नेचर’ने नियम जाहीर केला की असे कोणतेही साधन लेखक म्हणून स्वीकारले जाणार नाही आणि वापर केला असेल तर कार्यपद्धतीत किंवा ऋणनिर्देशात सांगावा. १३ फेब्रुवारीला कोप या प्रकाशननीतीविषयक समितीनेही हेच म्हटले. कारण सरळ आहे. लेखक म्हणजे चुकीची जबाबदारी घेणारा, हितसंबंध जाहीर करणारा, हक्कपत्रावर सही करणारा माणूस. बॉट यातले काहीच करू शकत नाही. ‘सायन्स’ सुरुवातीला इतके कडक होते की बॉटने लिहिलेला मजकूर त्यांना मुळातच नको होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी धोरण सैल केले, पण अट घातली की वापरलेला पूर्ण प्रॉम्प्ट (बॉटला दिलेला प्रश्न किंवा सूचना), साधनाचे नाव आणि त्याची आवृत्ती सांगितली पाहिजे. ‘पूर्ण प्रॉम्प्ट’ ही अट लक्षात ठेवा. बॉट काय म्हणाला याच्याइतकेच तुम्ही काय विचारले याला महत्त्व आहे, हे त्यात मान्य केले आहे.

लेखक नाही, मग काय? इथे संदर्भशैली ठरवणाऱ्या संस्थांची वाट वेगवेगळी झाली, आणि त्यांच्या वादात खरा विषय दडलेला आहे.

तुम्ही एखाद्या जाणकाराला फोन करून माहिती घेतली, तर ती ‘व्यक्तिगत संवाद’ म्हणून नोंदवता. मजकुरात उल्लेख येतो, संदर्भसूचीत येत नाही, कारण वाचकाला तो फोन पुन्हा ऐकता येत नाही. चॅटबॉटशी झालेले बोलणे वरवर असेच दिसते. शिकागो शैलीने साधारण हीच वाट धरली. नोंद तळटीपेत किंवा मजकुरात द्यावी, आणि सर्वांना उघडता येईल अशी लिंक नसेल तर संदर्भसूचीत घालू नये. मानसशास्त्र आणि समाजशास्त्रांत चालणाऱ्या एपीए शैलीने ७ एप्रिल २०२३च्या मार्गदर्शनात ही तुलना नाकारली. समोर व्यक्तीच नाही, तर व्यक्तिगत संवाद कसला? त्यांच्या मते हे एका गणनविधीचे फलित आहे. म्हणून संगणक-प्रणालीला देतात तसा संदर्भ द्यावा. लेखकाच्या जागी चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय ही कंपनी, मग वर्ष, मग चॅटजीपीटी हे नाव, आवृत्ती आणि चौकटी कंसात ‘भाषा-प्रारूप’ असे वर्णन. लांब उत्तरे परिशिष्टात घालावीत, असेही त्यांनी सुचवले. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांची एमएलए तिसऱ्याच दिशेने गेली. त्यांनी १७ मार्च २०२३ला सांगितले की लेखकाची जागा रिकामी ठेवा आणि शीर्षकाच्या जागी तुमचा प्रॉम्प्ट लिहा. त्यानंतर साधनाचे नाव, आवृत्ती, कंपनी, दिनांक आणि पत्ता.

मला यातली एमएलएची रीत सर्वांत प्रामाणिक वाटते. एपीएच्या नोंदीत वाचकाला कळते की चॅटजीपीटी वापरला, पण कशासाठी ते कळत नाही. एकाच नोंदीखाली शंभर वेगळे संवाद झाकता येतात. ही उणीव जाणवली असावी, कारण पुढे एपीएनेही विशिष्ट चॅटचे शीर्षक आणि लिंक देण्याची सोय केली. एमएलएमध्ये मात्र सुरुवातीपासून तुमचा प्रश्नच सूचीत छापला जातो. ‘शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणे सांग’ असे विचारणारा अभ्यासक आणि ‘या चाळीस मुलाखतींतली कर्जाविषयीची वाक्ये वेगळी काढ’ असे सांगणारा अभ्यासक यांच्यातला फरक त्या एका ओळीत उघडा पडतो. कोणती शैली पाळायची हे तुमच्या विभागाने ठरवलेले असते, ते पाळाच. पण विभागाची शैली एपीए असली तरी मजकुरात प्रॉम्प्ट लिहायला कोणी मनाई करत नाही.

आता मुळाशी जाऊ. चॅटबॉटचे उत्तर वस्तुस्थितीचा आधार म्हणून का देऊ नये?

भाषा-प्रारूप माहितीच्या कपाटातून कागद काढून देत नाही. आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा शब्द-तुकडा कोणता यावा, याच्या शक्यता ते मांडते आणि त्यांतून एक निवडते, मग पुढचा, मग पुढचा. निवडीत मुद्दाम थोडा यदृच्छेचा भाग ठेवलेला असतो, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला की शब्द बदलतात, कधी मुद्देही बदलतात. उत्तर पुष्कळदा बरोबर येते, कारण प्रशिक्षणाच्या मजकुरात बरोबर गोष्टी पुष्कळ वेळा आलेल्या असतात. पण ते कुठून आले, हे त्या उत्तरात नसते.

समजा, कोणी महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर प्रबंध लिहीत आहे आणि बॉटला विचारले, ‘ही योजना कधी सुरू झाली?’ उत्तरात १९७२ येऊ शकते, कारण दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेवर आधारलेली योजना राज्याने तेव्हा हाती घेतली. १९७७ येऊ शकते, कारण विधिमंडळाने कायदा त्या वर्षी केला. १९७९ येऊ शकते, कारण कायद्याचा अंमल २६ जानेवारी १९७९पासून सुरू झाला. प्रश्नात ‘महाराष्ट्राच्या’ हा शब्द राहून गेला तर २००५ही येईल, तो केंद्राचा कायदा. यातले प्रत्येक वर्ष कुठल्यातरी अर्थाने खरे आहे. तुमच्या वाक्याला कोणता अर्थ हवा आहे, हे कायद्याची प्रत आणि विधिमंडळाच्या कामकाजाची पाने पाहिल्यावरच ठरते. आणि ती पाने पाहिली, की संदर्भ त्यांचा द्यायचा. बॉटने तिथवर वाट दाखवली असेल, तर ते कार्यपद्धतीत एका वाक्यात सांगावे.

वाट चुकवली तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातले आहे. एव्हिएन्का या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे जसेच्या तसे दाखल केले. त्यांतले अनेक निवाडे कधी झालेच नव्हते. २२ जून २०२३ला न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. या प्रकरणातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. शंका आल्यावर वकिलाने बॉटलाच विचारले होते की हा निवाडा खरा आहे का, आणि बॉटने होय म्हटले होते. त्या बोलण्याची पडद्यावरची छायाचित्रे नंतर प्रतिज्ञापत्राला जोडली गेली. आता पाहा, तो संवाद निवाड्याचा पुरावा म्हणून कवडीमोल होता. पण वकिलाने काय केले, काय विचारले, कशावर विश्वास ठेवला, याचा तो अस्सल पुरावा ठरला. चॅटची नोंद अभ्यासात जिथे लागते, ती याच दुसऱ्या अर्थाने.

हा धोका परदेशापुरता नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते, आणि यंत्राने पुढे केलेले निकाल तपासल्याशिवाय वापरू नयेत, अशी समज न्यायालयाने दिली.

आणखी एक छोटी खूण. आता चॅटजीपीटी जालावर शोध घेऊन खरेखुरे दुवेही देतो, पण त्या पत्त्याच्या शेपटीला अनेकदा ‘यूटीएम सोर्स’ असे लिहून पुढे स्वतःचे नाव जोडतो. संकेतस्थळांना आपला वाचक कुठून आला हे कळावे म्हणून ही शेपटी असते. विद्यार्थी पत्ता तसाच संदर्भसूचीत चिकटवतात. परीक्षकाला लेख वाचला गेला की नुसता दुवा उचलला, हे विचारायला एवढे निमित्त पुरते. शेपटी कापून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. लेख उघडून वाचावा, मग शेपटी आपोआप निरुपयोगी होते.

तर चॅटची नोंद द्यायची केव्हा? नुसते शुद्धलेखन किंवा इंग्रजी वाक्यरचना तपासून घेतली असेल, तर ऋणनिर्देशात किंवा प्रास्ताविकात एक वाक्य पुरे. त्यासाठी संपूर्ण चॅट जोडण्यात अर्थ नाही, कोणी वाचणारही नाही. बॉटकडून संगणकीय आज्ञावली लिहून घेतली, मुलाखतींचे वर्गीकरण करून घेतले, जुन्या मोडी कागदाच्या लिप्यंतराचा कच्चा खर्डा घेतला, तर ते कार्यपद्धतीचा भाग झाले. तिथे प्रॉम्प्ट, साधन, आवृत्ती, दिनांक आणि निकाल कसा पडताळला, हे सगळे आले पाहिजे. आणि चॅट हाच अभ्यासाचा विषय असेल, उदाहरणार्थ बॉट जातीविषयीच्या प्रश्नांना मराठीत काय उत्तरे देतो असे तपासायचे असेल, तर तो संवाद म्हणजे तुमची मूळ सामग्री. मग त्यातले एक अक्षरही बदलता येत नाही, बॉटचे चुकलेले ऱ्हस्व-दीर्घसुद्धा.

आता लिंकविषयी. लोक सर्वाधिक विसंबतात ते तिच्यावर, आणि सर्वाधिक गैरसमज आहेत तेही तिच्याविषयी.

चॅटजीपीटीत संवाद शेअर करण्याची सोय मे २०२३मध्ये आली. नंतर जेमिनाय, क्लॉड, कोपायलट अशा इतरांनीही तशी सोय दिली. ‘शेअर’ दाबले की त्या क्षणापर्यंतच्या संवादाची एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर वेगळी ठेवली जाते आणि तिचा पत्ता तुम्हाला मिळतो. त्यानंतर तुम्ही त्याच चॅटमध्ये आणखी वीस प्रश्न विचारले, तर ते त्या प्रतीत येत नाहीत. लिंक ताजी करावी लागते. विद्यार्थी लिंक आधी काढतो, काम पुढे चालू ठेवतो आणि प्रबंधात जे वाक्य उद्धृत करतो ते लिंकमध्ये सापडतच नाही, असे यामुळे घडते. म्हणून काम संपल्यावर लिंक काढावी आणि खासगी खिडकीत, लॉगइन न करता, ती उघडून पाहावी. संस्थेच्या खात्यातून काढलेली लिंक अनेकदा त्या संस्थेच्या सदस्यांनाच उघडते, आणि तुमचे बहिःस्थ परीक्षक दुसऱ्या विद्यापीठातले असतात.

मूळ चॅट खोडली की लिंकही मरते. खाते बंद केले तरी तेच. इथे छापील ग्रंथाशी असलेला फरक ध्यानात घ्या. पुस्तकाची आवृत्ती संपली तरी एखाद्या ग्रंथालयात प्रत असते. चॅटच्या लिंकची किल्ली मात्र ज्याने ती दिली त्याच्याच हातात राहते, आणि पुरावा सादर करणाऱ्यालाच तो हवा तेव्हा पुसता येणे ही काही बरी व्यवस्था नव्हे. २०२३मध्ये गिटहब या आज्ञावल्या ठेवण्याच्या संकेतस्थळावर आणि इतर ठिकाणी प्रोग्रामरांनी दिलेल्या चॅटच्या हजारो लिंका गोळा करून ‘डेव्हजीपीटी’ नावाचा अभ्याससंच बनवला गेला. तो बनवणाऱ्यांनी प्रत्येक लिंक उघडते की नाही याचीही नोंद ठेवली. त्यांना ते सुचले हे विशेष, आपण प्रबंधात तेवढेही करत नाही.

त्याहून सूक्ष्म अडचण फांद्यांची आहे. चॅटमध्ये तुम्ही जुना प्रश्न दुरुस्त करून पुन्हा पाठवला, किंवा उत्तर पसंत नाही म्हणून नवे मागवले, की संवादाला फांदी फुटते. पडद्यावर बाणाच्या खुणेने मागे-पुढे जाऊन सगळ्या फांद्या पाहता येतात. शेअर केलेल्या प्रतीत मात्र एकच फांदी दिसते. म्हणजे सात वेळा विचारून सातव्यांदा मनाजोगे उत्तर मिळाले असेल, तर वाचकाला एकच प्रश्न आणि एकच नेटके उत्तर दिसेल. हे खोटे नाही, पण खरेही म्हणवत नाही. ज्या अभ्यासात बॉटचे उत्तर हीच सामग्री आहे, तिथे किती वेळा विचारले आणि कोणत्या कसोटीवर एक निवडले, हे लिहिल्याशिवाय लिंकला किंमत नाही.

लिंकमध्ये आणखी एक गोष्ट दिसत नाही. चॅटजीपीटीत तुम्ही स्वतःविषयी कायमच्या सूचना लिहून ठेवू शकता. शिवाय एप्रिल २०२५पासून तो, तुम्ही मुभा दिली असेल तर, तुमच्या जुन्या गप्पांचाही आधार घेतो. तुम्ही गेले सहा महिने त्याच्याशी डाव्या चळवळीवर बोलत असाल, तर ‘गिरणी संप का फसला?’ या प्रश्नाचे तुम्हाला मिळणारे उत्तर आणि तुमच्या परीक्षकांना मिळणारे उत्तर सारखे असायचे कारण नाही. शेअर केलेल्या पानावर ना त्या सूचना दिसतात, ना त्या आठवणी. अभ्यासासाठी प्रश्न विचारताना स्मृती बंद ठेवावी किंवा तात्पुरती चॅट वापरावी, आणि तसे केल्याचे लिहावे. पण तात्पुरती चॅट यादीत राहत नाही, म्हणून ती बंद करण्याआधीच मजकूर उतरवून घ्यायचा.

लिंक फार कमी लोकांपर्यंत पोहोचते, ही झाली एक तक्रार. उलट अडचणही आहे. काही काळ चॅटजीपीटीत शेअर करताना ‘हा संवाद शोधयंत्रांना सापडू द्या’ अशा अर्थाची एक चौकट होती. अनेकांनी ती न वाचता टिचकी मारली. जुलै २०२५च्या अखेरीस त्यांतले हजारो संवाद गूगलवर दिसत असल्याचे उघड झाले, त्यांत आजारपणाच्या, नोकरीच्या, घरातल्या गोष्टी होत्या, आणि ओपनएआयने ती सोय काढून टाकली. पुढच्याच महिन्यात ‘फोर्ब्स’ने दाखवले की ग्रोक या दुसऱ्या चॅटबॉटचे तीन लाख सत्तर हजारांहून अधिक शेअर केलेले संवाद शोधात सापडत होते, आणि तिथे तर वेगळी संमती विचारलीच नव्हती. अभ्यासकाने यातून घ्यायचे ते एवढे: लिंक म्हणजे प्रकाशन. ज्या चॅटमध्ये तुम्ही मुलाखतींचा मजकूर, गावाचे नाव, बाईच्या नवऱ्याचे कर्ज, कोणाचा मोबाइल क्रमांक चिकटवला आहे, ती चॅट शेअर करणे म्हणजे त्या बाईने तुमच्या संमतिपत्रावर केलेल्या सहीशी दगाबाजी. खरे तर तो मजकूर बॉटला देण्यापूर्वीच नावे काढायला हवी होती. नंतर परिशिष्टात नावे झाकून उपयोग अर्धाच.

मग भरवशाचे काय? स्वतःकडची प्रत. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये सगळी माहिती बाहेर काढण्याची सोय आहे. मागणी केली की इमेलवर एक लिंक येते, ती चोवीस तासांत वापरायची असते. त्यातल्या झिप धारिकेत दोन उपयोगाच्या गोष्टी असतात. एक साधे वाचता येणारे पान, आणि दुसरी जेसन धारिका. दुसरी दिसायला किचकट, पण तिच्यात प्रत्येक संदेशाची वेळ, कोणत्या प्रारूपाने उत्तर दिले त्याचे नाव आणि सगळ्या फांद्या असतात. लिंक जे लपवते ते इथे उघडे असते. प्रबंधाच्या चॅटसाठी वेगळे खाते ठेवले तर पुढे निवडानिवड सोपी जाते.

प्रारूपाचे नाव नेमके लिहिणे का गरजेचे, हे ७ ऑगस्ट २०२५ला जगभरच्या वापरकर्त्यांना कळले. जीपीटी-५ आले आणि चॅटजीपीटीच्या यादीतून जुनी प्रारूपे एका दिवसात गायब झाली. लोकांनी आरडाओरड केल्यावर जीपीटी-४ओ पैसे भरणाऱ्यांना काही दिवसांत परत मिळाले, पण ‘चॅटजीपीटीला विचारले’ या वाक्याचा अर्थ ६ तारखेला आणि ८ तारखेला एक नव्हता. ज्यांचा अभ्यास बॉटच्या उत्तरांच्या मोजणीवर उभा आहे, त्यांनी चॅटच्या पडद्याऐवजी एपीआय, म्हणजे आज्ञावलीतून थेट प्रारूपाला विचारण्याची सोय, वापरावे. तिथे तारीख लावलेली प्रारूपे मागता येतात आणि काही प्रारूपांत यदृच्छेचे प्रमाणही ठरवता येते. ते शून्यावर नेले तरी शब्दशः तेच उत्तर येईल याची हमी नसते. म्हणून तिथेही उत्तरे साठवावीच लागतात.

साठवताना मराठीची एक खास अडचण येते. पडद्यावरून पीडीएफ छापली की ती दिसते छान, पण तिच्यातून मजकूर परत उचलला की जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, आणि मग ‘शोधा’ दाबून काही सापडत नाही. त्यामुळे पीडीएफबरोबर युनिकोडमधली साधी मजकूर-धारिकाही ठेवावी. ती झेनोडोसारख्या संग्रहात टाकली, की तिला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. झेनोडो युरोपातल्या सर्न या संशोधनसंस्थेकडून चालवले जाते आणि फुकट आहे. कंपनीच्या लिंकपेक्षा हा क्रमांक संदर्भसूचीत शोभतो. आणि महत्त्वाचे म्हणजे तिथे प्रसिद्ध झालेली नोंद तुम्हाला गुपचूप पुसता येत नाही.

संवाद मराठीत आणि प्रबंध इंग्रजीत असेल तर मूळ मराठी परिशिष्टात आणि अनुवाद मजकुरात, अनुवाद कोणी केला या उल्लेखासह. अनुवादही बॉटकडूनच करून घेतला असेल, तर तेही सांगायचे. अनेकजण प्रश्न मराठीत सुचलेला असला तरी विचारतात इंग्रजीत, कारण उत्तर जास्त भरघोस येते. मग नोंदही इंग्रजी प्रॉम्प्टचीच द्यावी. नंतर मराठीत उतरवलेला प्रश्न हा विचारलेला प्रश्न नव्हे.

तळटीप साधारण अशी दिसेल: ‘“सोबतच्या मुलाखतींतील स्थलांतराविषयीची विधाने वेगळी कर” या सूचनेला मिळालेला प्रतिसाद, चॅटजीपीटी, प्रारूप जीपीटी-५, ओपनएआय, १२ सप्टेंबर २०२५, स्मृती बंद, तीन प्रयत्नांपैकी दुसरा, संपूर्ण संवाद परिशिष्ट ३मध्ये.’ लांब आहे खरी. पण जुन्या दप्तरातल्या रुमालाचा क्रमांक, पुडक्याचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक लिहिणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही लांबी परकी वाटू नये.

चांगल्या शेअरिंगचा एक नमुना गणितात सापडतो. फील्ड्स पदकविजेते टेरेन्स ताओ यांनी ऑक्टोबर २०२५मध्ये एका संख्यासिद्धान्ताच्या प्रश्नावर प्रतिउदाहरण शोधण्यासाठी बॉटशी पायरीपायरीने बोलून पायथनमधली आज्ञावली लिहून घेतली. हाताने केले असते तर कित्येक तास गेले असते, असे त्यांनी सांगितले, आणि तो संवाद इतरांना पाहायला खुला केला. इथे बॉटवर विश्वास ठेवायची कोणाला गरजच नव्हती. हाती आलेल्या संख्या ज्याला त्याला तपासून पाहता येत होत्या. संवाद दिला तो वाट कशी काढली हे दिसावे म्हणून.

आता ‘काही लिहू नकोस’ या सल्ल्याकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम साधर्म्याच्या टक्क्यांवर उभे आहेत. दहापर्यंत दंड नाही, मग दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर, अशा पायऱ्या. हे माप दुसऱ्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराचे आहे. बॉटचा मजकूर सहसा कशाशी शब्दशः जुळत नाही, म्हणून विद्यापीठे त्यासाठी वेगळी ओळख-साधने वापरू लागली, आणि त्या साधनांचा भरवसा डळमळीत आहे. ओपनएआयने स्वतः जानेवारी २०२३मध्ये असे साधन काढले. त्यांच्याच चाचणीत बॉटच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याने ओळखला. अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये ते बंद केले. २०२४मध्ये कायद्याच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्याच्या विद्यापीठाने उत्तर ८८ टक्के यंत्रनिर्मित असल्याचे सांगून नापास केले. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला, आणि विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यावर ते प्रकरण निकाली निघाले. टक्का बरोबर होता की चूक, हे ठरलेच नाही.

अशा वादात ज्याने सगळ्या चॅट खोडल्या आणि प्रबंधात एक ओळही लिहिली नाही, त्याच्याकडे दाखवायला काही उरत नाही. ज्याच्याकडे निर्यात केलेली धारिका आहे, त्याला आपण कोणत्या दिवशी काय विचारले, कोणते उत्तर टाकून दिले आणि आपले वाक्य त्यापासून किती दूर आहे, हे दाखवता येते. परिशिष्ट दोनशे पानांचे करू नये. प्रबंधात वापरलेले संवाद पूर्ण द्यावेत, बाकीच्यांची दिनांक आणि विषय यांची एका पानाची यादी पुरे, आणि मधला मजकूर गाळला असेल तिथे गाळल्याची खूण. मौखिकीत परीक्षकांनी ते पान उघडून ‘इथे बॉटचे उत्तर का नाकारलेत?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर बहुधा त्याच पानावर, तुमच्या पुढच्या प्रॉम्प्टमध्ये असते.